कळांआधीचं रक्त

शहापूरला मुंबई-आग्रा महामार्ग सोडून पूर्वेची वाट धरली, की पंचवीस-तीस किलोमीटरवर डोळखांब लागतं. पुढे डेहणे, मग आजा पर्वताचा काळा कडा, चोंढे, आणि शेवटी सह्याद्रीची सरळ उभी भिंत. भिंतीच्या माथ्यावर अकोले तालुका, दक्षिणेला मुरबाड. ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळ्यांचे पाडे या सगळ्या टापूत डोंगरउतारांवर विखुरलेले आहेत. पावसाळ्यात काळू, शाई आणि भातसा फुगल्या की त्यांना मिळणारे ओहोळही अंगात आल्यासारखे वाहतात आणि एकेक पाडा बेटासारखा सुटा होतो. मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणं याच तालुक्यातली. त्याच तालुक्यातल्या बाया एप्रिल-मेमध्ये पोटुशी असतानाही डोईवर हंडे घेऊन विहिरीच्या फेऱ्या करतात.

या भागात बाळंतपणाची गोष्ट सहसा कळांपासून सुरू होते. कळा कधी लागल्या, सुईण कधी आली, पाणी कधी फुटलं, मूल आडवं होतं की सरळ. एक संकट मात्र कळांच्या आधीच दारात उभं राहतं. सातवा महिना सरलेला असतो, पोरगी रानातून मोळी घेऊन आलेली असते किंवा नुसतीच झोपेतून उठलेली असते, आणि अंगावरून रक्त जायला लागतं. दुखत काहीच नसतं. तासाभरात ते थांबतंही. घरातल्या म्हाताऱ्या म्हणतात, उष्णता झाली असेल, पडून राहा. आठ-पंधरा दिवसांनी ते पुन्हा येतं, आणि या वेळी लुगडं, गोधडी, खालची शेणाने सारवलेली जमीन, सगळं भिजवून जातं.

दुसऱ्या तऱ्हेत रक्त थोडं दिसतं आणि दुखतं फार. पोट दगडासारखं कडक होतं, ढिलं पडतच नाही. मूल हलायचं थांबतं. बाई पांढरीफटक पडते, आणि अंगावरून गेलेल्या चार डागांकडे बघून कोणालाच कळत नाही की एवढी गलितगात्र ती कशाने झाली. रक्त बाहेर न येता आतच साठत असतं.

पहिल्या तऱ्हेत वार, म्हणजे नाळ जिला जोडलेली असते ती मांसल चकती, गर्भाशयाच्या वरच्या भागात रुजण्याऐवजी खाली, तोंडावरच रुजलेली असते. दिवस भरत आले की खालचा भाग ताणला जातो, तोंड थोडं थोडं उघडू लागतं आणि वारेची मुळं सुटतात. दुसऱ्या तऱ्हेत वार असते जागेवरच, पण मूल जन्मायच्या आधीच भिंतीपासून सुटते. वाढलेला रक्तदाब, पोटावर बसलेला मार, आधीच्या बाळंतपणातही असंच घडलेलं असणं, ही त्याची नेहमीची कारणं. वार खाली असण्याचं प्रमाण साधारण दोनशे गरोदरपणांत एक, वार आधी सुटण्याचं शंभरात एक. वारेच्या नसा पडद्यावरून तोंडाशी येऊन फुटणं, गर्भाशय फाटणं, गर्भाशयमुखाला जखम असणं, ही बाकीची कारणं त्यामानाने विरळ. भरल्या दिवसांच्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त फिरत असतं, हा आकडा लक्षात घेतला की घाई कशाची असते ते उमगतं. त्यातून बाईचं हिमोग्लोबिन सात-आठवर असेल, तर तिच्याजवळ गमवायला रक्तच थोडं असतं.

सुईणीचा मान या खोऱ्यात मोठा होता. पोटावर हात ठेवून डोकं वर आहे की खाली ते ती सांगायची. कळा खऱ्या की खोट्या ते ओळखायची. वार पडेपर्यंत नाळ न कापण्याचा आणि अडलेल्या वारेसाठी बाळंतिणीला तिचीच वेणी तोंडात कोंबून ओकारी आणवण्याचा प्रकार महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी चालायचा. ओकारीच्या जोराने पोट आवळलं जातं आणि वार सुटायला मदत होते, असा त्यामागचा हिशेब. पाचवीला सटवी पुजेपर्यंत तिचं येणं-जाणं असे आणि मोबदल्यात धान्य, लुगडं, नारळ मिळे. तिची विद्या होती ती अशी मूल बाहेर येण्याच्या वेळची आणि त्यानंतरची. कळांआधी रक्त लागलं, तर तिच्या हातात काहीच उरत नसे. उलट पोट चोळणं आणि आत हात घालून चाचपणं हे तिचे दोन भरवशाचे उपाय इथे घातक ठरत. तोंडावर बसलेल्या वारेला बोट लागलं, की उरलीसुरली मुळंही सुटतात.

अशी बाई गेली, की गाव तिच्या जाण्याला घाबरायचं. पोटुशी किंवा बाळंत होताना मेलेली बाई अळवंतीण नावाचं भूत होते, हा समज कोकणात खोल रुजलेला होता. तिरडी उचलल्यावर मागे राळ्याचे दाणे विखरायचे, म्हणजे परत येताना ते वेचण्यातच तिचा वेळ जाईल. उंबरठ्यात खिळा ठोकायचा, म्हणजे तिला आत पाऊल टाकता येणार नाही. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी अशा समजुतींची प्रश्नावली काढून शिक्षण खात्यामार्फत गावोगावच्या शाळामास्तरांकडे पाठवली होती. 21 डिसेंबर 1909 रोजी अनंत कान्हेरे यांनी नाशिकच्या नाट्यगृहात त्यांना गोळ्या घातल्या आणि कागद अर्धवट राहिले. ते पुढे आर. ई. एंथोवेन यांनी लावून घेतले आणि 1915 मध्ये कोकणच्या लोकसमजुतींचं पुस्तक निघालं. ठाणे जिल्ह्यातल्या मास्तरांची उत्तरंही त्यात आहेत. त्यातल्या भुतांच्या याद्या दवाखान्याच्या वहीसारख्या वाचल्या, तर बायका कशाकशाने मरत होत्या याचा अंदाज येतो. भुताचा एक अख्खा प्रकार बाळंतपणातल्या मरणासाठी राखून ठेवावा लागला, म्हणजे ही मरणं किती नेहमीची असतील.

वैद्यकाने या रक्ताकडे पाहिलं नव्हतं असं नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गरोदर बाईला रक्त दिसलं तर काय करावं ते सांगितलं आहे. मऊ, थंड अंथरुणावर डोकं किंचित खाली ठेवून तिला निजवावं, ओटीपोटावर गार लेप द्यावेत, राग, शोक, कष्ट यांपासून तिला दूर ठेवावं. पडून राहण्याचा हा सल्ला आजच्या वॉर्डातही ओळखीचा वाटेल. पण रक्त येतं कुठून, याचा उलगडा व्हायला पुढे पुष्कळ शतकं जावी लागली.

पॅरिसचे नावाजलेले प्रसूतितज्ज्ञ फ्रान्स्वा मोरिसो यांची सख्खी बहीण सतराव्या शतकात याच रक्तस्रावाने गेली. बोलावलेला दुसरा शल्यचिकित्सक हात लावेना, म्हणून शेवटी भावालाच तिचं बाळंतपण करावं लागलं, आणि तरी ती वाचली नाही. आपल्या ग्रंथात ही हकिगत लिहिणाऱ्या मोरिसो यांची समजूत अशी, की वार वरून सुटते आणि घसरून तोंडाशी येते. त्यांच्याच काळातल्या पॉल पोर्ताल यांनी 1685 मध्ये छापलेल्या आपल्या नोंदींत लिहिलं, की अशा काही बायांत वार तिथेच चिकटलेली आपल्या हाताला लागली. इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या एडवर्ड रिग्बी यांनी 1775 मध्ये या दोन तऱ्हा स्वच्छ वेगळ्या केल्या. वार तोंडावर असेल तर रक्तस्राव अटळ; वार वर असून सुटली असेल तर तो आकस्मिक. पहिल्या तऱ्हेत वाट बघू नका, हात घालून मूल फिरवा आणि पायाने ओढून काढा, असा त्यांचा आग्रह होता.

1860 च्या दशकात लंडनचे ब्रॅक्स्टन हिक्स यांनी तोच हात दोन बोटांवर आणला. एक हात पोटावरून, दोन बोटं आतून, अशा जोडीने मूल फिरवायचं, त्याचा एक पाय खाली ओढायचा आणि मुलाच्या मांडीचा व कुल्ल्याचा दाब सुटलेल्या वारेवर बसू द्यायचा. रक्त थांबायचं आणि आई बहुधा वाचायची. मूल मात्र बहुतेक वेळा जायचं, कारण त्याच्याच अंगाचं बूच करून रक्त अडवलेलं असायचं. जवळपास ऐंशी वर्षं जगभरचे डॉक्टर आई आणि मूल यांच्यात हा सौदा करत राहिले.

त्या काळात डोळखांबहून जवळचा डॉक्टर कुठे होता? कल्याणहून निघालेला लोहमार्ग 1861 मध्ये कसाऱ्यापर्यंत पोचला आणि आसनगाव स्टेशन शहापूरच्या दाराशी आलं. तरी डोळखांबपासून आसनगावपर्यंतचं अंतर बैलगाडीच्या चालीने आठ-दहा तासांचं, तेही कोरड्या ऋतूत. पुढे गाडी मिळाली तर कल्याण, आणि त्यापुढे मुंबई. मुंबईत बायकांसाठी बायका डॉक्टरांचं कामा हॉस्पिटल 1886 मध्ये उघडलं. परळचं नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह 1926 चं. आजा पर्वताच्या पायथ्याच्या बाईला दोन्ही सारखीच दूर.

कल्याणात जन्मलेली एक मुलगी त्याच 1886 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात डॉक्टर झाली. आनंदीबाई जोशी यांनी पदवीसाठी प्रबंधाचा विषय निवडला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. लहान वयात झालेलं आपलं मूल दहाच दिवसांत गेल्याचं दुःख त्यांच्या शिक्षणाच्या ध्यासामागे होतं. 26 फेब्रुवारी 1887 रोजी, परत येऊन काही महिनेच झाले असताना, पुण्यात त्यांचं निधन झालं. कल्याणपासून मुरबाड-शहापूरपर्यंतच्या बायांना त्यांच्या हाताचा उपयोग व्हायचा राहूनच गेला. सरकारी पातळीवर तेव्हा भर होता तो सुईणींना शिकवण्यावर. लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने 1903 मध्ये दायांच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मारक निधी उभा राहिला. स्वच्छ हात, उकळलेली कात्री, धुतलेलं कापड हे त्यातले धडे मोलाचे होते. धनुर्वात आणि बाळंतज्वर त्याने टळायचा. कळांआधीच्या रक्तावर मात्र कोणतंही साबण-पाणी चालत नव्हतं.

खरा पालट 1945 मध्ये झाला आणि तो बेलफास्टहून आला. तिथले प्राध्यापक सी. एच. जी. मॅकाफी यांनी खालच्या वारेच्या 174 बायांचा अनुभव छापला. त्यांचं म्हणणं असं. पहिलं रक्त क्वचितच जीव घेतं. तो इशारा असतो. तेवढ्यावर घाबरून बाळंतपण उरकलं, तर मूल अपुऱ्या दिवसांचं म्हणून मरतं. तेव्हा आत बोट घालू नका, बाईला पलंगावर ठेवा, रक्त तयार ठेवा आणि सदतीस-अडतीस आठवडे भरेपर्यंत थांबा. मग शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेऊन तपासा आणि गरज पडली तर तिथेच पोट उघडा. त्या 174 जणींत एकच आई दगावली. मुलांचे मृत्यूही आधीच्या निम्म्याच्या आसपास आले. अडीचशे वर्षं हात घालण्याची घाई करणाऱ्या शास्त्राने थांबायला शिकून हे यश मिळवलं.

त्या थांबण्याला मॅकाफींची एक अट होती, आणि डोळखांबच्या दृष्टीने सगळं तिथेच अडतं. बाईने थांबायचं ते घरी नव्हे, सगळी सामग्री असलेल्या रुग्णालयात. पहिलं रक्त दिसल्यापासून बाळंत होईपर्यंत तिथून हलायचं नाही. पाचशे पावलांवर ऑपरेशन थिएटर आणि शीतपेटीत रक्त असेल, तर पडून राहणं हा उपचार. पाड्यावरच्या झोपडीत, ओहोळाला पूर आलेला असताना पडून राहणं म्हणजे दुसऱ्या रक्तस्रावाची वाट बघणं. इशारा देणारं पहिलं रक्त थांबतं आणि घर निर्धास्त होतं. घात इथेच होतो.

बेलफास्टचा निबंध छापला गेला त्याच सुमारास भोर समिती हिंदुस्थानच्या आरोग्याचा हिशेब मांडत होती. 1946 च्या तिच्या अहवालात मातामृत्यूचं प्रमाण दर हजार जन्मांमागे वीस धरलेलं आहे. गावाजवळ प्राथमिक आरोग्य केंद्र असावं ही कल्पना तिथून पुढे रुजली. 1952 पासून समूह विकास योजनेबरोबर अशी केंद्रं सुरू होऊ लागली, आणि 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्यावर ती त्यांच्याकडे गेली. डोंगरी आणि आदिवासी भागात वीस हजार वस्तीला एक केंद्र आणि तीन हजारांना एक उपकेंद्र, असं माप पुढे ठरलं. शहापूर तालुक्यात डोळखांब, किन्हवली, कसारा, अघई, शेणवे, तर मुरबाडमध्ये धसई, सरळगाव, मोरोशी अशी नावं या नकाशावर आली.

केंद्रातली नर्सबाई ही या इतिहासातली मोठी व्यक्ती. रक्तस्रावाची बाई आली, की तिने काय करायचं याचे नियम मोजके आणि कडक आहेत. आतून तपासायचं नाही. डाव्या कुशीवर निजवायचं. जाड सुया घालून दोन्ही हातांना सलाइन लावायचं. नाडी, रक्तदाब, मुलाचे ठोके लिहायचे. दिवस भरलेले नसतील तर मुलाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडचं पहिलं इंजेक्शन द्यायचं; न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी 1972 मध्ये त्याचा गुण दाखवला, आणि नर्सने ते द्यावं असे सरकारी निर्देश 2014 मध्ये आले. आणि गाडी बोलवायची.

वार सुटलेल्या बाईच्या बाबतीत आणखी एक तपासणी आहे. तिला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. बाईच्या शिरेतून दोन मिलिलिटर रक्त काढून कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं. ती नळी मुठीत धरायची, म्हणजे अंगाच्या उबेने ती गरम राहते. चार मिनिटांनी नळी हळूच कलती करून बघायची, मग दर मिनिटाला. रक्त गोठलं असेल तर नळी उलटी केली तरी ते सांडत नाही. सात मिनिटं होऊनही ते पातळच राहिलं, किंवा गोळा हलवताच फुटला, तर रक्ताची गोठण्याची शक्ती संपत आली असं समजायचं. सुटलेल्या वारेमागे साठलेल्या रक्ताने गोठवणारी द्रव्यं खर्ची घातलेली असतात. मग सुई टोचल्या जागेतून, हिरड्यांतून, लघवीतूनही रक्त येतं. मुठीतल्या त्या नळीवरून नर्सबाईला ठरवता येतं, की या बाईला नुसतं सिझरचं टेबल पुरणार नाही, रक्ताच्या पिशव्या आणि प्लाझ्मा असलेल्या ठिकाणीच तिला पाठवायला हवं. तालुक्याला उपजिल्हा रुग्णालय, मग ठाणे किंवा उल्हासनगर, त्यापुढे मुंबई, अशी ही शिडी आहे. कोणती पायरी गाळायची हे कळणं इथे औषधाइतकंच मोलाचं असतं.

रक्ताची गोष्ट तर वेगळीच. कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट शोधल्यावर दुसऱ्याचं रक्त देणं सुरक्षित झालं. मुंबईच्या डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 मध्ये एक असा गट जगापुढे आणला, ज्याला ओ गटाचं रक्तही चालत नाही. त्याला नावच बॉम्बे रक्तगट पडलं. भारतात दहा हजारांत एखाद्याचा हा गट असतो. रक्तस्रावात आयत्या वेळी तो कळला, तर सगळ्या रक्तपेढ्यांची धावपळ होते. खेड्यातली अडचण मात्र साध्या गटांचीच होती. पूर्वी लहान गावातला सर्जन नवऱ्याचं किंवा भावाचं रक्त जुळवून तिथल्या तिथे चढवायचा. व्यावसायिक रक्तदात्यांमुळे पसरणाऱ्या रोगांना आळा घालण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने 4 जानेवारी 1996 रोजी निकाल दिला आणि 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. नियम कडक झाले, ते योग्यच होतं. पण परवानाधारक पेढीबाहेर नातेवाइकाचं रक्त चढवणंही त्यात बसेनासं झालं आणि ग्रामीण सर्जनांच्या संघटनेने त्यावर वर्षानुवर्षं गाऱ्हाणं मांडलं. पुढे तालुक्याच्या रुग्णालयांसाठी रक्त साठवण केंद्राची सोय निघाली. साडेतीनशे मिलिलिटरची पिशवी, दोन ते सहा अंश तापमान, साधारण पस्तीस दिवसांचं आयुष्य आणि अखंड वीज. भारनियमनाच्या काळात यातली शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड होती.

दरम्यान वार कुठे आहे हे आत हात न घालता दिसू लागलं होतं. ग्लासगोच्या इयन डोनल्ड यांचा सोनोग्राफीवरचा निबंध 1958 चा, आणि 1960 च्या दशकात वारेची जागा ध्वनिलहरींनी शोधता येऊ लागली. मॅकाफींना टेबलावर नेऊन जे चाचपून ठरवावं लागे, ते आता पाचव्या महिन्यातच पडद्यावर दिसतं. याच यंत्राने मुलीही हेरल्या गेल्या. महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात सगळ्यांआधी गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला आणि 1994 मध्ये केंद्राचा कायदा आला. नोंदणी, कागदपत्रं आणि ठरलेली जागा यांच्या चौकटीत सोनोग्राफी बसवली गेली. ती चौकट आवश्यकच. तिचा एक परिणाम असा, की यंत्र पाड्यावर जात नाही, बाईने यंत्रापर्यंत यावं लागतं.

त्यातही मेख आहे. पाचव्या महिन्यात वार खाली दिसलेल्या दहापैकी साधारण नऊ जणींत ती दिवस भरेपर्यंत वर सरकलेली असते, कारण गर्भाशयाचा खालचा भाग वाढतो. म्हणून बत्तिसाव्या आणि छत्तिसाव्या आठवड्यात पुन्हा बघायचं असतं. शहापूर-मुरबाडची कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर भिवंडी-कल्याणकडे निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी डोळखांबच्या नर्सबाईच्या वहीत असते, आणि बत्तिसाव्या आठवड्यात बाई भट्टीवर चिखल तुडवत असते. तिथे ना तिची आशाताई असते, ना तिचं कार्ड.

गेल्या वीस वर्षांत अंतर झपाट्याने कमी झालं, हे मान्य करायला हवं. 2005 मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान आणि जननी सुरक्षा योजना आली, आशाताई आल्या. 2011 पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, रक्त आणि वाहन मोफत देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. 26 जानेवारी 2014 रोजी महाराष्ट्रात 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिका धावू लागल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यात दवाखान्यात होणारी बाळंतपणं 2005-06 मध्ये शंभरात 65 च्या आसपास होती. 2019-21 च्या पाहणीत ती 95 च्या घरात गेली. मातामृत्यूचं प्रमाण लाख जन्मांमागे 2001-03 मध्ये 149 होतं, ते 2018-20 मध्ये 33 वर आलं. एकेकाळी अळवंतीण झाल्या असत्या अशा बाया आता परत घरी जातात.

रुग्णवाहिका मात्र डांबरापर्यंतच येते. शहापूर तालुक्यात पाड्यावरून रस्त्यापर्यंत गरोदर बाईला झोळीत घालून आणल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांतही छापून आल्या आहेत. दोन माणसांच्या खांद्यावर बांबू, बांबूला बांधलेली चादर, चादरीत नऊ महिन्यांची बाई, आणि पायाखाली शेवाळलेली पाऊलवाट. रक्त जात असलेल्या बाईसाठी हा प्रवास प्रत्येक हिसक्याला महाग पडतो.

यावर राज्यातल्या आदिवासी भागांत निघालेली तोड म्हणजे माहेरघर. निवडक प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात एक खोली असते. दुर्गम पाड्यावरच्या बाईने दिवस भरायच्या आधी काही दिवस तिथे येऊन राहायचं. सोबत एक नातेवाईक, धाकटी पोरं असतील तर तीही, जेवण केंद्राकडून. मॅकाफींनी जे थांबणं सांगितलं, त्याचीच ही गरिबाला परवडणारी आवृत्ती. अडचणी घरच्याच असतात. म्हातारी सासू, बांधलेल्या शेळ्या, आवणीचे दिवस, आणि बुडालेली मजुरी कोण देणार हा प्रश्न. वार खाली असलेल्या बाईला तर चार-आठ दिवस पुरत नाहीत, कधी महिना-दीड महिना राहावं लागतं. शिवाय तिचं माहेरघर प्राथमिक केंद्रात असून भागत नाही. ते सिझर आणि रक्त असलेल्या रुग्णालयाच्या शेजारी हवं.

आणि या कहाणीला आता एक नवीन कारण येऊन मिळालं आहे. महाराष्ट्रात सिझरचं प्रमाण 2015-16 च्या पाहणीत शंभरात वीस होतं, 2019-21 मध्ये ते पंचविसाच्या पुढे गेलं. यातली कितीतरी सिझर आई-मुलाचा जीव वाचवणारी आहेत. पण गर्भाशयावर व्रण राहिला, की पुढच्या खेपेला वार नेमकी त्या व्रणावर, खाली, रुजण्याची शक्यता वाढते, आणि कधी ती व्रणात इतकी खोल शिरते की सुटतच नाही. अमेरिकेत 2006 मध्ये छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात वार खाली असलेल्या ज्या बायांचं ते पहिलंच सिझर होतं, त्यांच्यात शंभरात तिघींची वार अशी चिकटलेली निघाली. दुसऱ्या सिझरला अकरा जणींची, तिसऱ्याला चाळीस जणींची. अशा बाळंतपणात अनेकदा गर्भाशयच काढून टाकावं लागतं आणि रक्ताच्या पिशव्या दोन-चार नव्हे, दहा-वीस लागतात. जी शस्त्रक्रिया या रक्तस्रावावरचा उपाय म्हणून आली, तीच आता त्याचं एक कारण होऊ लागली आहे. म्हणून पहिलं बाळंतपण सिझरनं झालं होतं का, हा प्रश्न पहिल्याच तपासणीला विचारून कार्डावर लिहिणं, आणि उत्तर हो असेल तर बत्तिसाव्या आठवड्याची सोनोग्राफी भट्टीवरून बोलावून आणून का होईना करून घेणं, हे डोळखांबसारख्या केंद्रातलं आजचं काम आहे.